लिंबाच्या रानातली चौथी ओळ

१

पाडव्याच्या सकाळी लिंबाचा फुलोरा आणायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. माय अंगणात सडा टाकते, दादा गुढीची काठी धुऊन ठेवतो आणि मी टोपली घेऊन रानात जातो. रान म्हणजे आमचा एकच तुकडा. त्याच्या एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला बांध, आणि बांधावर जुना लिंब. म्हणून गावात त्याला लिंबाचं रानच म्हणतात.

त्या वर्षीही तसाच गेलो. ओढ्याकाठचे पळस फुलून ओसरायला लागले होते, करंजाला पोपटी पालवी फुटली होती. लिंब तर असा फुलला होता की खाली उभं राहिल्यावर डोक्यावर, खांद्यावर बारीक पांढरी फुलं पडत होती. मी वर चढलो आणि तुरे खुडायला लागलो. टोपली अर्धी भरली तेव्हा लक्षात आलं, की देठ तुटल्याचा बारीक आवाज मला ऐकू येतोय.

फुललेल्या लिंबावर असा आवाज कधी ऐकू येत नाही. चैत्रात त्या झाडाखाली मोहळ उठल्यासारखा गुणगुणाट असतो, विहिरीवर मोट हाकतानाही कानावर येतो. त्या सकाळी झाडावर एकही माशी नव्हती. वास होता, फुलं होती, आणि झाड गप्प होतं.

मी मनाशी म्हटलं, पहाटे गारवा होता, माशा अजून उठल्या नसतील. पण घरी येताना वाटेवर पाटलाच्या मळ्यातला लिंब लागला, तो नुसता घुमत होता.

मी घरी कोणाला सांगितलं नाही. तसाही मी फार बोलत नाही. वडील गेले तेव्हा मी नेकनूरच्या शाळेत चौथीत होतो. शाळा तिथंच सुटली, आणि चारचौघांत तोंड उघडायची सवय लागायची ती राहूनच गेली.

२

त्या रानात तीन वर्षं पेरा झाला नव्हता. का, ते सांगायला आधी पेरणी कशी होते ते सांगावं लागेल.

तिफणीनं एका वेळी तीन ओळी पडतात. पेरणारा तिफणीमागं चालतो, चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत, मुठीनं बी सोडतो आणि तोंडानं बैल हाकतो. त्याच्याही मागं घरातली एखादी बाई मोघा घेऊन चालते. मोघा म्हणजे बांबूचं पोकळ नळकांडं, तिफणीला दोरीनं बांधलेलं. त्यातून ती दुसरं बी सोडत येते आणि तीन ओळींशेजारी चौथी पडते. पेरणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. यात देवाधर्माचं काही नाही. मान वळली की मूठ चुकते आणि ओळ विरळ होते. मागची बाई येतेय का, हे तो पायांच्या आवाजावरून ओळखतो.

तीन वर्षांपूर्वी असंच कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी, पेरायचं चाललं होतं. चाड्यावर अर्जुनदादा होता, मोघ्यावर साखरावहिनी. तिच्या पदराच्या ओट्यात चवळी होती. मी विहिरीवर मोट हाकत होतो. दादा तास, म्हणजे रानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची एक खेप, पुरं करून बांधाशी पोचला आणि त्यानं बैल वळवले, तर दोरीच्या टोकाला मोघा आडवा पडलेला. वहिनी नव्हती.

रान तळहातासारखं उघडं होतं. त्यात लपायला वीतभर पीक नव्हतं. तिची पावलं ओल्या मातीत रानाच्या मध्यापर्यंत आली होती. एक पाऊल उचललेलं, आणि पुढचं टेकलेलंच नाही. आम्ही विहिरीत गळ टाकले, ओढा पालथा घातला, चौसाळ्यापर्यंत माणसं पाठवली. काही मिळालं नाही.

त्या दिवसापासून दादानं त्या रानात पाय ठेवला नाही. ओसरीवर बसून तो दिवसभर अंबाडीचे दोर वळतो. रान पडीक राहिलं आणि आम्ही दुसऱ्यांच्या शेतात राबून पोट भरत राहिलो.

फाल्गुनात पटवाऱ्याचा निरोप आला. तीन वर्षं रान पडलंय म्हणजे तुम्हाला ते नकोय. चैत्री पुनवेला मी पाहणीला येईन. सगळं रान पेरलेलं दिसलं तर पट्ट्यावर तुमचं नाव राहील, नाहीतर आश्रुबाचा अर्ज आलेलाच आहे.

आश्रुबा म्हणजे आमचा सख्खा चुलता.

३

पाडव्याला मी बैल जुंपत होतो, तेव्हा आश्रुबाकाका अंगणात येऊन उभे राहिले. सोबत गावातली दोघं-तिघं होती.

"बिभा, तू तिफण धरणार म्हणं?" काका म्हणाले. "आरं, तुला कोणी राम राम घातला तर तू भुईकडं बघतोस. बैल तुजं ऐकत्याल का बे?"

बाकीचे हसले. माझे कान तापले. मी जोताची गाठ उगाच पुन्हा आवळली.

"बैलं ऐकत्यात, काका," मी म्हणालो.

"आन मागं कोण चालणार?"

माय दारातून म्हणाली, "कोणी न्हाई. मोघा लावायचाच न्हाई. तुमाला कावून पंचाईत?"

"वहिनी, मी चांगल्यापोटी बोलतोय. एक सून गेली, आता पोरगं घालवू नका."

"रान घ्यायला टपलाय, आन चांगल्यापोटी म्हणं!" माय म्हणाली. "जावा, घरी जाऊन पुरण खावा."

विहिरीचं पाणी एका वेळी अर्ध्याच रानाला पुरत होतं. आधीचे चार दिवस मोट हाकून मी विहिरीच्या उजव्या हाताचं अर्धं रान भिजवून ठेवलं होतं, माती वाफशावर आली होती, पेरायला हवी तेवढीच ओली. मी पाच मुठी कडवळ भुईला वाहिलं आणि तिफण धरली. आपल्या रानात आपण पेरतोय, याचा मला इतका आनंद झाला की पहिली दोन तासं मी दुसरं काही ऐकलंच नाही.

तिसऱ्या तासाला बैल वाकले. वर चढ लागला की वाकतात तसे. रान तर सपाट होतं. मी तिफणीवरचा भार कमी केला, तरी ओझं तेवढंच. मागं कोणी दोरी ताणून धरल्यासारखी तिफण सारखी थोडी मागं ओढली जात होती. मी मोघ्याची दोरी बांधलेलीच नव्हती.

मग पावलं ऐकू आली. ओल्या ढेकळांत पाय रुततो आणि निघतो, तसा आवाज. मी थांबलो की थांबायचा. मी चाललो की माझ्यामागं आठ-दहा हातांवर चालायचा.

मी स्वतःला समजावलं, की आपल्याच पायांचा आवाज बांधावर आपटून परत येत असेल. पण माझं पाऊल पडायचं त्याच्यानंतर ते पडत नव्हतं. मधेच पडत होतं, दुसऱ्या चालीचं. वहिनी तशी चालायची, लहान पावलं टाकत, मागं राहू नये म्हणून घाई करत.

मी वळून पाहिलं नाही. बांधाशी बैल वळवतानाही नजर त्यांच्या खुरांवर ठेवली. अर्धं रान पेरून झालं तेव्हा दुपार टळली होती.

४

आमच्या घरात बियाण्याची एक बारकी खोली आहे. खिडकी नाही, दार लावलं की दिवसाही अंधार. तिच्या भिंतीला एका खुंटीवर मोघा टांगलेला असतो. तीन वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता, त्याच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामं पोतं ठेवायला त्या खोलीत गेलो. मोघा खुंटीवरच होता. तोंडावरचं जाळंही शाबूत होतं. पण खालच्या टोकाला माती लागली होती, ओली. बोटानं चाचपली तर गार लागली.

मी खूप वेळ तिथं उभा राहिलो. भिंतीला ओल आली असेल, असं मला वाटायला हवं होतं. मी भिंत चाचपली. ती कोरडी होती.

आठव्या दिवशी कडवळ वर आलं. सुया टोचल्यासारखे हिरवे कोंब, तीन ओळी, मग फट, मग तीन ओळी. आणि प्रत्येक फटीत एक चौथी ओळ.

चवळी होती.

आमच्या घरात त्या साली चवळीचा दाणा नव्हता. तीन वर्षांपूर्वीचं बी मातीत राहून आता उगवलं असेल, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण राहिलेलं बी कुठंतरी एखादं उगवतं, सुतात धरल्यासारखं उगवत नाही. आणि चवळीला फूल यायला दीड महिना लागतो. ही बोटभर उंच होती, दोन पानांवर, आणि प्रत्येक रोपाला एकेक जांभळं फूल आलं होतं. सगळी फुलं एकाच बाजूला वळलेली, विहिरीकडं तोंड करून. त्यांच्यावरही माशी नव्हती.

मी बैल सोडून पाहिले. त्यांनी कडवळाचा कोंब हुंगला, चवळीजवळ नाक नेलं आणि मान काढून घेतली. त्या रात्री मी मायला सगळं सांगितलं, मागच्या पावलांचंही.

५

आश्रुबाकाकांनी ती ओळ पाहिली, म्हणजे गावानं पाहिली. बांधावर दहा-पंधरा माणसं जमली. आत पाय कोणी टाकला नाही.

"आता तरी डोळे उघडा," काका मायला म्हणाले. "बिगरमोघ्याची ओळ उगवली. सोडा ते रान. मी पटवाऱ्याला सांगतो, तुमाला कोणी नावं ठेवणार न्हाई."

"तुमी घेऊन काय करताल मंग?" मायनं विचारलं. "तुमच्या मागं न्हाई का चालणार ते?"

"मी पेरायचो न्हाई. गुरं चारीन."

"गुरं खात न्हाईत ते. इचारा बिभाला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. लोक पांगल्यावर मी मायला म्हणालो, "अर्धं राहिलंय. चतुर्दशीपतोर मोट हाकून वाफशावर आणतो. पेरतो मी."

दादा ओसरीवर दोर वळत होता. त्याचे हात थांबले.

"बिभा," तो म्हणाला, "ती माज्या मागं बोलत येत होती. घरचंच कायतरी, मिठाचं का तेलाचं. मधीच गप झाली. मला वाटलं दमली आसंल. मी मागं बघितलं न्हाई. वळ नीट राहावी म्हणून बघितलं न्हाई."

एवढं तो तीन वर्षांत पहिल्यांदा बोलला. माय उठली आणि बियाण्याच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मोघा होता. त्याच्या टोकाची माती तिनं पदरानं पुसून टाकली.

"तुज्या मागची जागा रिकामी ऱ्हाती म्हणून कोणीबी येतंय," ती मला म्हणाली. "ती जागा मी धरते. मंग बघू कोण येतंय."

"माय, तू नको," दादा म्हणाला.

"मंग तू चालतोस?"

दादानं पुन्हा दोर हातात घेतला.

६

चतुर्दशीला उन्हं वर यायच्या आत आम्ही जुंपलं. दादा पाण्याची घागर घेऊन बांधापर्यंत आला, आणि लिंबाखाली रानाकडं पाठ करून बसला. तेवढं आलेलं पाहूनही मला बरं वाटलं. मायनं शेजारून मूठ-दोन मुठी चवळी मागून आणली होती, ती ओट्यात घेतली. मी मोघ्याची दोरी तिफणीला बांधली.

आमचं ठरलं होतं. वीसेक पावलांवर मी "माय?" म्हणायचं, तिनं "हाय" म्हणायचं. मी मागं बघायचं नाही, वळणावरही नजर खुरांवरच ठेवायची. मागं फक्त माय आहे एवढं मला कानानं कळत राहिलं की पुरे.

सकाळ चांगली गेली. बैल हलके चालले. पावलं एकाच माणसाची होती, म्हाताऱ्या माणसाची, जड. मधेच ती पुटपुटायची, "आश्रुबाच्या छातीवर पेरते ही चवळी," आणि मला हसू यायचं. ऊन चढलं तशी तिची उत्तरं तोकडी झाली.

"माय, बस जरा."

"गप. हाक बैलं."

दुपारी, चार तासं राहिली असताना, मी लिंबाकडून विहिरीकडं गेलो, तिथं वळलो आणि पुन्हा लिंबाकडं यायला लागलो.

"माय?"

"हाय."

आणखी वीस पावलं.

"माय?"

"हाय."

घाम डोळ्यांत उतरला म्हणून मी बाहीनं तोंड पुसलं आणि मान वर केली. बैलांच्या माना, त्यांच्या पलीकडं बांध, बांधावर लिंब. लिंबाखाली दादा बसला होता, पाठमोरा. त्याच्या शेजारी माय बसली होती. तिनं घागर तोंडाला लावली होती. मोघा तिच्या मांडीवर आडवा होता.

ती लिंबाजवळच्या आधीच्या वळणालाच थांबली होती. भोवळ आली म्हणून तिनं दोरी सोडली आणि "मी बसते रे" म्हणाली. ते मला ऐकू आलं नव्हतं. तिथून विहिरीपर्यंत जाऊन इथवर परत येईतो मी दहा वेळा तरी हाक मारली होती. दहाही वेळा उत्तर आलं होतं.

"हाय," मागून आवाज आला. या वेळी मी हाक मारली नव्हती.

मायनं घागर खाली घेतली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. घागर तिच्या हातातून निसटली. तिचा चेहरा पाहून दादानं मान वळवली.

तो उठला. तीन वर्षांत पहिल्यांदा बांधावरून खाली उतरला आणि मातीत पाय टाकला.

"साखरा," तो म्हणाला.

तो माझ्याकडं येत नव्हता. त्याची नजर माझ्यावर नव्हतीच. तोंडावर हसू होतं, लग्नात होतं तसं. मला कळलं की तो माझ्या शेजारून निघून जाईल, आणि त्याचंही एक पाऊल उचललेलं राहील.

"दादा!"

तो आवाज माझा होता. बैल जागच्या जागी थबकले. माझ्या छातीत एवढा आवाज आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"बांधावर चढ! एक पाऊल फुडं टाकलंस तर बघ. माय, धर त्याला!"

मायनं धावत येऊन त्याची बंडी धरली. तो थांबला. मग मी मान न वळवता मागच्याला म्हणालो, तितक्याच मोठ्यानं, "आन तू. थांबू नको. मूठ नीट सोड. निम्मं तास राहिलंय."

मागून पोकळ बांबूतून बी उतरतं तसा आवाज सुरू झाला. एकसारखा, न चुकता.

मी बैल हाकले.

७

बांधाशी पोचलो तेव्हा मी लिंबाकडं तोंड करून उभा होतो, रान माझ्या पाठीशी. मागचा आवाज थांबला होता. मायनं दादाला लिंबाच्या बुंध्याशी दाबून धरलं होतं. तो रडत होता, पण डोळे रानावरून काढत नव्हता.

"दादा," मी विचारलं, "एकलीच हाय का?"

त्यानं मान हलवली. "लई हायत रे, बिभा. ती सगळ्यांच्या फुडं हाय. तिच्या मागं... पार हिरीपतोर."

"काय करत्यात?"

"हुबी हायत. तू वळायची वाट बघत्यात."

वारा नव्हता, तरी लिंबाची फुलं बैलांच्या पाठीवर पडत होती. माय हळूच म्हणाली, "बिभीषणा, सोड. बैलं हितंच सोड आन चल घरी. जाऊ दे रान."

माय असं कधी बोलली नव्हती. आश्रुबाकाकापुढं नाही, पटवाऱ्यापुढं नाही.

मी भुईकडं पाहिलं. मला तीच सवय. माती काळी होती, वाफशावर, बी मागत होती. उद्या पुनव. आजवर मला वाटत होतं, की आपण रान सोडलं तर ते काकांचं होईल. त्या घडीला कळलं, की ते काकांचंही होणार नाही. कोणाच्या नावावर चढलं तरी पेरणारे माझ्या पाठीमागं उभे आहेत तेच असतील, आणि उगवेल ते कोणी खाणार नाही.

मला भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली राग होता, आणि तो जास्त खोल होता. हे रान वडिलांनी दगड वेचून केलेलं. त्यात माझी वहिनी चालत होती, तिला कोणी विचारलं नव्हतं.

मी कासरा हाताला गुंडाळला आणि बैल वळवले. या वेळी नजर खुरांवर ठेवली नाही. वर केली.

मी काय पाहिलं ते सगळं लिहिणार नाही. त्या सगळ्यांचे हात छातीशी होते, मुठी मिटलेल्या. वहिनी पुढं होती आणि ती फार दमलेली दिसत होती. तिच्या मागची तोंडं माणसांचीच होती, पण त्यांतली काही इतकी जुनी होती की त्यांच्यावर डोळा ठरेना.

बैलांनी कान मागं टाकले. पुढं पाऊल टाकायला तयार होईनात, कारण टाकायला जागा नव्हती.

"सरका," मी म्हणालो.

कोणी हललं नाही.

"हे रान आमचं हाय. पेरायचंय मला. मागं चालायचं तर चाला, बी नीट सोडा. फुडं मी हाय. सरका!"

आधी वहिनी सरकली. मग तिच्या मागचं एकेक, अगदी विहिरीपर्यंत, पाणी पाटाचं बारं फोडून वाहतं तशी वाट उघडत गेली.

दोन तासं राहिली होती. ती मी पेरली.